नट कापा, पक्षी वाचवा

या महिन्याच्या टपालात कार्बोरेटर आणि क्लचप्लेटची नेहमीची पत्रं आहेतच, पण तीन पत्रं निघाली बॉनेटवरच्या चिन्हांची. एका महिन्यात तीन म्हणजे जरा जास्तच. कार्बोरेटरवाल्यांनी रागावू नये, त्यांचा नंबर पुढच्या महिन्यात लावतो. पहिल्या पत्राने मला पन्नास वर्षं मागे नेलं, त्यामुळे त्याचं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, साय-रंगाची. बाबा गेल्या वर्षी गेले. गाडी चालू आहे, रविवारी सकाळी मी तिला तलावपाळीला एक फेरी मारून आणते. तिच्या बॉनेटवर पंख पसरलेला क्रोमचा पक्षी आहे. तो कंपनीचा नाही. मी दुसरीत असताना बाबांनी तो चोर बाजारातून आणला आणि गल्लीतल्या मेकॅनिककडून भोकं पाडून बसवून घेतला. दर दसऱ्याला हार त्याच्याच गळ्यात पडतो. आता पक्ष्याच्या बुडाशी रंग फुगून पापुद्रे सुटू लागलेत, म्हणून गाडी रंगवायची आहे. पेंटर म्हणतो, पक्षी काढायची गरज नाही, टेप लावून काम होईल. मी बॉनेट उघडून पाहिलं तर खालून दोन नट दिसतात. एक दहाच्या पान्याला अजिबात दाद देत नाही. दुसरा फिरतो, पण खाली उतरत नाही, जागच्या जागी गोल गोल. जोर लावू का? आणि परत बसवताना काय सांभाळू? दसऱ्याच्या आत व्हावं अशी इच्छा आहे. (एक वाचक, चरई, ठाणे)

उत्तर : ताई, पाना खाली ठेवा. जोर लावायचा नाही, अगदी शेवटपर्यंत नाही. का ते सांगतो.

१९७४ साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि नौपाड्यातल्या एका गॅरेजात हाताखाली काम करायचो. एक जुनी प्लिमथ रंगायला आली होती. प्लिमथच्या बॉनेटवर तेव्हा शिडाचं जहाज असायचं. १६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला वसाहत करायला निघालेल्या लोकांचं ते मेफ्लॉवर. त्या गाड्या आपल्या कुर्ल्यातच जुळवल्या जात, प्रीमियरच्या कारखान्यात. तुमची पद्मिनीही तिथेच जन्मली, म्हणजे नात्याने प्लिमथ तिची थोरली बहीण. तर त्या जहाजाचा एक नट अडला. उस्ताद जेवायला गेले होते. मला वाटलं, ते येईपर्यंत काम उरकून दाखवावं. पान्याला पाइप जोडला आणि खेचलं. कट्‌ असा छोटासा आवाज आला. सुकलेल्या काटकीचा येतो ना, तसा. जहाज माझ्या हातात आणि त्याचा पाय नटातच. गाडीचे मालक संध्याकाळी आले. ओरडले नाहीत, काही बोललेही नाहीत. जहाज रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि चालत निघून गेले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. उस्तादांनी नंतर जे मारलं ते मी विसरलो, तो रुमाल नाही विसरलो.

तो पाय का तुटला? कारण ही चिन्हं बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. वरून क्रोम असल्यामुळे लोखंडासारखी टणक दिसतात, पण आत धातू ठिसूळ असतो, आणि जुना झाला की आणखी ठिसूळ. त्यात बसवलेला स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आटे पाडलेला दांडा, लोखंडी. नट गंजून स्टडला चिकटला की पान्याचा सगळा पीळ थेट त्या ओतकामात जातो, आणि पहिलं तेच तुटतं. नट शाबूत राहतो. व्हायला हवं नेमकं उलट. नट दोन रुपयांचा आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तुमचा पक्षी आता चोर बाजारातही मिळणार नाही. म्हणून नट मारायचा आणि पक्षी वाचवायचा.

आता कामाला लागा. सगळ्यात आधी फोटो काढा, वरून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून. पक्ष्याभोवती बॉनेटवर मास्किंग टेप लावा आणि त्यावर पेन्सिलीने बुडाची रेघ मारा. बॉनेटच्या पुढच्या कडेपासून चोचीपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. हसू नका. रंगकाम होऊन गाडी परत येते तेव्हा पक्षी कुठे बघत होता हे कुणालाच आठवत नाही, आणि घरातल्या प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

मग इंजिनावर जुनी चादर अंथरा, म्हणजे सुटलेला वायसर इंजिनाच्या सांदीत जाणार नाही. बॉनेट पूर्ण उघडं ठेवून नटांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारा. रस्टोलीन असो नाहीतर डब्ल्यूडी-४०. बॉनेट बंद असताना नट खाली तोंड करून लटकत असतो, तेल टपकून जातं. उघडल्यावर स्टड जवळजवळ आडवा होतो आणि तेल आट्यांत शिरतं. चिंधी भिजवून नटाभोवती गुंडाळून ठेवा. रात्री एकदा, सकाळी एकदा, पुन्हा रात्री. दोन दिवस गेले तर जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी अडलेल्या नटाला हात घाला. घरातल्या कुणाला तरी वरून पक्षी दोन्ही हातांनी धरायला सांगा. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने ढकलून पाहा, मग सोडायच्या. मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही. पाव आटा हलला की परत आवळा, थोडं तेल, पुन्हा सोडा. असा तो कुरकुरत उतरला तर उत्तम.

नाही उतरला, तर हेक्सॉचं नुसतं पातं घ्या. त्याच्या एका टोकाला चिंधी बांधून मूठ करा आणि नटाची एक बाजू स्टडला समांतर कापत जा. आट्यांपर्यंत पोहोचायच्या जरा आधी थांबा. त्या खाचेत जाड पेचकस घालून पिरगाळला की नट उमलतो. डोळ्यांना चष्मा लावा. छिन्नी-हातोडीचा मोह होईल, पण तो हादरासुद्धा ओतकामातच जातो. नट चिरायचं एक छोटं अवजारही मिळतं. ते असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. आणि कुणी गॅसबत्ती घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हा धातू चारशे अंशांच्या आतच वितळतो. रंग जळेल, क्रोम फुगेल आणि पक्ष्याचं शेपूट थेंबाथेंबाने टपकेल.

दुसरा नट गोल फिरतोय, म्हणजे नटाबरोबर स्टडही फिरतोय. पक्ष्याच्या पोटातले त्याचे आटे गेलेत. तुम्ही पाना फिरवत राहाल तितकं ते भोक आणखी सैल होईल. स्टडचं टोक नटाखाली किती बाहेर आहे ते बघा. अर्धा इंच असेल तर टोक कुलूप-पक्कडीत पकडा आणि नट सोडवा. कमी असेल तर टोकाला पात्याने आडवी खाच पाडा. त्या खाचेत पेचकस घालून स्टड धरून ठेवायचा आणि पान्याने नट फिरवायचा. दोन माणसं लागतात. क्रम मात्र असा ठेवा : आधी अडलेला, मग हा. दोन्हीपैकी एक तरी टिकून असेल तोवर पक्षी डुगडुगत नाही.

दोन्ही नट निघाले तरी पक्षी उठणार नाही. मधल्या वर्षांत कुणीतरी त्याच्यासकट रंग मारलेला असतो, नाहीतर खाली एमसील भरलेलं असतं. बुडाच्या कडेने ब्लेड फिरवून रंगाची कड कापा. मग मासेमारीची नायलॉनची दोरी घ्या. चेंदणी कोळीवाड्यात मागितली तर हातभर कुणीही देईल. ती बुडाखाली घालून करवतीसारखी मागेपुढे ओढा. पतंगाचा मांजा नको, बोटं कापतील. घट्ट चिकटलेलं असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटं ऊब द्या. पेचकसाने उचकटलंत की पत्र्याला खळगा पडतो. त्या खळग्यात पेंटर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो आणि दोन पावसाळ्यांनी ती लांबी फुगून उठते.

पक्षी निघाल्यावर खाली काय सापडेल हे मी इथे बसून सांगतो : पांढरी भुकटी, लाल गंज आणि दसऱ्याचं हळदीकुंकू. झेंडूच्या पाकळ्यासुद्धा निघतील. पांढरी भुकटी पक्ष्याच्या बुडाची, तांबडी बॉनेटच्या पत्र्याची. जस्त आणि लोखंड एकमेकांना लागून असतील आणि मध्ये ओल असेल तर दोघांत छोटी बॅटरी तयार होते आणि जस्त झिजत जातं. रंग असेपर्यंत पत्रा सुरक्षित असतो. पण तुमच्या मेकॅनिकने भोकं पाडली आणि बहुधा कडांना प्रायमर लावला नाही. तिथून सगळं सुरू झालं. त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, खाडीची हवा आणि वर्षातून एकदा नारळाचं पाणी. म्हणजे टेप लावून रंगवणं हा उपाय होऊ शकत नाही. आजार बुडाखाली आहे आणि पेंटर त्याच्याभोवती नवीन कपडे घालतोय. त्याच्यावर चिडू नका. पक्षी काढताना तुटला तर नाव त्याचं, हे त्याला माहीत आहे. पक्षी तुम्ही काढून ठेवलात तर तो खूशच होईल.

पक्षी पितळेचा आहे का जस्ताचा, हे आता कळेल. चुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. बुडाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही, कानशीने एक ओरखडा काढा. पिवळा निघाला तर पितळ, राखाडी निघाला तर जस्त. पितळेचा निघाला तर देवाला साखर ठेवा, कारण पुन्हा क्रोम करायला पितळ फार सोपं.

जस्ताचा असेल आणि क्रोम फक्त मंद झालं असेल, तर प्लेटिंगच्या भानगडीत पडू नका. मऊ कापड, साबणाचं पाणी, मग गाडीचं मेण. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर क्रोमवर चालवू नका. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खरी चमक आणि खरी राखण त्याच्या खालच्या निकेलची असते, आणि निकेलला जिथे सूक्ष्म भोकं आहेत तिथून आंबट पदार्थ सरळ जस्तात घुसतो. फोड आलेच असतील, खड्डे पडले असतील, तर मात्र प्लेटिंगवाल्याकडे जा. वागळे इस्टेटमध्ये चौकशी केलीत तर सापडतील. पण तिथे पहिलं वाक्य हे बोला : "हे जस्त आहे, पितळ नाही." जुना थर उतरवायच्या आम्लात जस्त विसरलं गेलं की पक्ष्याचा चिमणा होतो. नीट करणारा माणूस खड्डे भरतो, तांब्याचा जाड थर चढवतो, घासतो, मग निकेल, मग क्रोम. तो पैसे जास्त सांगेल आणि ते योग्यच असतील. डब्यातून मारायचा चंदेरी स्प्रे कुणी सुचवला तर माझं नाव सांगू नका, मला लाज वाटेल.

सैल झालेल्या स्टडसाठी : जुना स्टड हाताने उपटून येईल. भोक साफ करा, एक माप मोठा टॅप फिरवून नवे आटे पाडा आणि नवा स्टड अरल्डाइट लावून बसवा. ड्रिल मारावं लागलं तर बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर बिट पाठीतून बाहेर येतं. हे एक काम मी तुम्हाला स्वतः करायला सांगणार नाही. लेथवाल्याकडे न्या, आणि तो ड्रिल करत असताना समोर उभ्या राहा.

आता बॉनेट पेंटरकडे जाईल. त्याला तीन गोष्टी बजावा. भोकाभोवतीचा गंज चकाकत्या पत्र्यापर्यंत घासायचा. भोकाच्या आतल्या कडेला आणि बॉनेटच्या खालच्या बाजूलाही प्रायमर लावायचा. आणि भोक लांबीने बुजवायचं नाही. तिसरी गोष्ट दोनदा सांगा, कारण गुळगुळीत पत्रा दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. भोकात मेणबत्ती चोळलेली बांबूची काडी ठोकून ठेवली तर विसरायला होत नाही.

राहिला दसरा. ताई, पावसाळ्यात जुन्या पद्धतीचा डुको मारला की हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढुरकी साय येते, आणि मग महिनाभर पॉलिश मारत बसावं लागतं. रंग मारल्यावरही पक्षी लगेच बसवायचा नाही. रंग आतपर्यंत कडक व्हायला निदान पंधरा दिवस द्या, नाहीतर बुडाखालच्या रबरी पॅकिंगचा ठसा कायमचा उमटतो. हे सगळं दसऱ्याच्या आत बसत नाही. यंदा गाडी आहे तशीच पुजा, पक्षी वेगळा पाटावर ठेवा आणि हार त्यालाच घाला. रंगकाम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

बसवायच्या दिवशी भोकाच्या कडेला साचलेला रंग गोल कानशीने काढा. कानस फक्त वरून खाली ढकलायची, ओढताना उचलून घ्यायची, म्हणजे वरचा रंग टवका होऊन उडत नाही. उघड्या पडलेल्या कडेला ब्रशने प्रायमर आणि रंग. मग बूड कागदावर ठेवून आकार काढा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचं पॅकिंग कापा, रेघेपेक्षा एक मिलिमीटर आत, म्हणजे बाहेरून काळी किनार दिसत नाही. बॉनेटचा उतार पुढे असतो, तर पॅकिंगला पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी खाच ठेवा. आत गेलेलं पाणी तिथून निघून जाईल. ही खाच मला उस्तादांनी शिकवली आणि मी अजून कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही.

स्टडला व्हॅसलीन लावा. खालून मोठा रुंद वायसर आणि नायलॉन-रिंगवाला नट. बोटांनी जाईल तितका आवळा, पान्याने रबर जरासं दबेपर्यंत, आणि बास. फार तर अर्धा आटा. पूर्ण आवळण्याआधी बॉनेटच्या मधोमध पुढून काचेपर्यंत दोरा ताणा, पंधरा पावलं लांब उभ्या राहा आणि चोच दोऱ्यावर आहे का बघा. आठवडाभर गाडी फिरली की रबर बसतं. मग एकदा नट पुन्हा तपासा. मला फोटो पाठवलात तर आनंद होईल.

प्रश्न : सर, मी नेरुळला राहतो. मागच्या वर्षी १९९६ ची मर्सिडीज ई-२२० घेतली, डब्ल्यू-१२४. स्टेशनजवळ लावली होती, कुणीतरी बॉनेटवरचा स्टार उपटून नेला. आता तिथे नुसतं बूड आणि तुटलेली तार उरली आहे. गॅरेजवाला म्हणतो बॉनेट उतरवावं लागेल. खरं आहे का? ऑनलाइन सहाशे रुपयांतही स्टार दिसतात, ते चालतील का? (नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : बॉनेट उतरवायला सांगणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका.

तुमचा स्टार नटाने बसवलेलाच नाही. बॉनेट उघडा आणि स्टारच्या बरोबर खाली बघा. स्प्रिंगने ताणून धरलेला एक तुकडा दिसेल. तो पक्कडीने धरून खाली ओढा, स्प्रिंग दबलेली असतानाच पाव फेरी, म्हणजे नव्वद अंश, फिरवा. त्याचे कान खाचांसमोर आले की वरचं बूड हाताने उचलून निघतं. नवीन स्टार वरून घाला. बुडाला बारीकशी जीभ असते, ती बॉनेटच्या खाचेत बसू द्या, नाहीतर स्टार वाकडा बघत राहतो. खालून पुन्हा ओढा, पाव फेरी, सोडा. एवढंच. पक्कडीच्या दातांना टेप गुंडाळा आणि दुसरा हात वर स्टारवर ठेवा. स्प्रिंग हातातून सटकली तर चांगलीच लागते.

एक सावधगिरी. या मॉडेलचा चेहरा १९९३ मध्ये बदलला. त्याआधीच्या गाड्यांत स्टार जाळीच्या चौकटीवर उभा असे, नंतर जाळी बॉनेटमध्येच आली आणि स्टार बॉनेटच्या पत्र्यावर गेला. भारतात ही गाडी १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात जुळवली गेली, म्हणजे तुमची नंतरच्या चेहऱ्याची. दुकानात फक्त "१२४ चा स्टार" म्हणालात तर जाळीवाला हातात पडू शकतो. तुटलेलं बूड काढून बरोबर न्या आणि शेजारी ठेवून जुळवा. ऑपेरा हाउसच्या सुट्या भागांच्या बाजारात विचारा, जुना खरा हवा असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला.

सहाशेवाल्याबद्दल. तो चमकतो छान. पण या स्टारचं मुख्य काम चमकणं नाही, वाकणं आहे. आडवा ढकला, तो लवतो आणि सोडल्यावर उभा राहतो. १९७४ मध्ये युरोपात गाडीच्या बाहेर आलेल्या भागांविषयी नियम आला. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वर आलेलं चिन्ह साधारण दहा किलोच्या ढकलीने वाकलं, आत गेलं किंवा सुटून पडलं पाहिजे, कारण धडक बसली तर माणूस नेमका त्यावरच आदळतो. खऱ्या स्टारमध्ये स्प्रिंग आणि गोळ्याचा सांधा त्यासाठीच असतो. स्वस्त नकलेत कधी स्प्रिंग इतकी ढिली की साठच्या वेगाला स्टार नमस्कार घालतो, आणि कधी सांधाच नसतो, सरळ खिळा. खिळेवाला घेऊ नका.

चरईच्या ताईंनी हेही वाचावं. बाबांचा पक्षी वाकत नाही. त्याची चोच बॉनेटच्या पुढे डोकावत असेल तर बसवताना दोन बोटं मागे घ्यायचा विचार करा. त्यासाठी नवं भोक पाडावं लागेल आणि जुनं बुजवावं लागेल, तेव्हा हा निर्णय रंगाआधीच. आणि पोटातले दोन्ही स्टड बदलायची वेळ आलीच, तर नायलॉनचे बोल्ट मिळतात. जोरात धक्का बसला तर पत्रा फाटायच्या आधी ते तुटतात. राम मारुती रोडच्या गर्दीत लहान मुलाचं डोकं नेमकं त्या उंचीला येतं.

स्टार चोरीचं म्हणाल तर त्यावर माझ्याकडे औषध नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ स्टेशनला गाडी लावताना स्टार काढून खिशात घालतात आणि भोकात रबरी बूच बसवतात. पाव फेरीचा हात बसला की अर्धं मिनिट लागतं. लोकलमध्ये बसल्यावर खिशात टोचतो म्हणतात.

प्रश्न : माझ्याकडे १९७२ ची अँबॅसेडर आहे. विंटेज नोंदणी घ्यायची आहे. बॉनेटवरचं मूळ चिन्ह हरवलंय, त्याऐवजी दुसरं लावलं तर नोंदणीला अडचण येईल का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियमात दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी-चारचाकी विंटेज धरली जाते, अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. बॉनेटवरचं चिन्ह म्हणजे मोठा फेरफार नव्हे, त्याची काळजी करू नका. पण त्याच्यासाठी नवीन भोकं पाडू नका. जुनी भोकं आहेत त्यांत बसेल असंच शोधा. उद्या मूळ चिन्ह सापडलं तर जागा शिल्लक हवी.

तुम्ही विचारलं नाहीत ते सांगतो. नव्या नोंदणीला वीस हजार फी आहे आणि "व्हीए" अक्षरांची मालिका मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि मी तर तो सोडूच नका म्हणेन. मात्र विंटेज झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशाच कामाला रस्त्यावर काढता येते. ऐरोलीहून वाशीला भाजी आणायला तुम्ही अँबॅसेडर नेत असाल, तर घाई करू नका. चरईची पद्मिनी २०२८ मध्ये पन्नास पूर्ण करेल, त्यांनाही हाच सल्ला. तलावपाळीची रविवारची फेरी रॅलीत धरत नाहीत.

चिन्ह शोधताना मागून फोटो मागवा, फक्त समोरून नाही. स्टडमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून मागा. दोन भोकांतलं तुमचं अंतर आणि त्याचं अंतर जुळत नसेल, तर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. विकणारा म्हणेल, "साहेब, भोक जरा वाढवा, बसेल." वाढवू नका.